अर्काची बाटली आणि बाबांची गोळी

पत्र : माझे वडील ६६ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. अकरा वर्षं मधुमेह आहे. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड असं चालू होतं. दोन महिन्यांपूर्वी सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना अकरा वनस्पतींच्या अर्काची बाटली दिली. महिन्याचे अठराशे रुपये. सुरुवातीला बाबा गोळ्या आणि अर्क दोन्ही घेत होते. तेव्हा एकदा संध्याकाळी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणंही अडखळलं. आईने साखरेचा चहा दिला तेव्हा बरं वाटलं. ते गृहस्थ म्हणाले, अर्क लागू पडतोय, आता गोळ्यांची गरज नाही. तेव्हापासून महिनाभर गोळ्या बंद आहेत. घरच्या मशीनवर सकाळी उपाशीपोटी १४८ आली, तर ते मलाच दाखवतात, ‘बघ!’ आई रोज कारलं-दुधीचा रस देते. मी काही बोलले की म्हणतात, ‘इंग्रजी औषधांनी किडनी जाते, हे झाडपाल्याचं आहे.’ मी काय करू? यात खरंच काही तथ्य आहे का?
ता. क. गॅलरीत त्यांनी इन्सुलिनचं झाडही लावलंय.
— एक मुलगी, काळाचौकी

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, म्हणून आधी तेच घेते. घाम, थरथर, अडखळणारं बोलणं आणि साखर पोटात गेल्यावर आराम ही रक्तातली साखर फार खाली गेल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी सांगतात तशी शरीरातली घाण वगैरे काही बाहेर पडत नव्हती. त्या संध्याकाळी मशीन लावलं असतं तर आकडा बहुधा ७०च्या खाली दिसला असता. चहात साखर घालायचं तुमच्या आईला सुचलं, हे फार बरं झालं.

आता प्रश्न असा की साखर इतकी का उतरली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. जेवणाची वेळ टळली तर ते एकटंही हा प्रताप करू शकतं. पण अर्क सुरू झाल्यावरच हे झालं, म्हणून दोन शक्यता धराव्या लागतात. एक, अर्कातल्या वनस्पतींचा खरोखर परिणाम होतोय आणि तो गोळीच्या परिणामात मिळाला. दुसरी शक्यता मला जास्त छळते : त्या बाटलीत वनस्पतींच्या जोडीला गोळीच विरघळवलेली असेल. हा माझा संशयी स्वभाव नव्हे. २००८ साली सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले दीडशे लोक साखर कोसळून रुग्णालयांत आले, त्यातले चार दगावले. त्यांनी घेतलेल्या पौरुषवर्धक गोळ्यांत ग्लायबेनक्लामाइड निघालं, म्हणजे तुमच्या बाबांच्या ग्लिमेपिराइडचंच थोरलं भावंड. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पारंपरिक भारतीय वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका उत्पादनात मेटफॉर्मिन पकडलं. ‘इंग्रजी औषध नको’ म्हणणाऱ्याला तेच औषध, मात्रा न सांगता, कितीतरी जास्त पैशांत.

म्हणून आज करायचं ते असं. अर्क थांबवा. बाटली फेकू नका, झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा. बाबांच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि दोन्ही गोष्टी सांगा : गोळ्या महिनाभर बंद आहेत आणि अर्क दोन महिने पोटात जातोय. गोळ्या तुम्ही आपल्या मनाने पूर्वीच्याच डोसने सुरू करून देऊ नका, विशेषतः ग्लिमेपिराइड, कारण बाटलीत काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही. पुन्हा तसा घाम-थरथर झाली तर मशीन लावा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा आणि नंतर पोळी किंवा भात खायला घाला. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, वयस्कर माणसात साखर दुसऱ्यांदाही उतरते, तेव्हा बरं वाटलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ रुग्णालय गाठा.

आता ‘तथ्य आहे का’. आहे. आणि ते नाही म्हणून तुम्ही वडिलांशी भांडलात तर तुम्ही हराल, कारण या मुद्द्यावर ते बरोबर आहेत.

ज्या मेटफॉर्मिनला ते इंग्रजी म्हणतात त्याचं मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या युरोपातल्या एका झुडपात आहे. जांभळट फुलं येणारी ही शेंगवर्गी वनस्पती तिकडचे वैदू फार लघवी होण्याच्या दुखण्यावर देत असत. तिच्यातलं गॅलेजिन हे द्रव्य साखर उतरवायचं खरं, पण माणसाला सोसवत नव्हतं, विषारी होतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या कुळातली सौम्य संयुगं बनवली, त्यातलंच एक मेटफॉर्मिन, १९२२ मध्ये पहिल्यांदा तयार झालेलं. मग ते पडून राहिलं. १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णांवरचे निष्कर्ष छापले तेव्हा कुठे त्याचं नशीब उघडलं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीची गोष्टही अशीच. तिच्यातलं फ्लोरिझिन १८३५ मध्ये वेगळं केलं गेलं. ते दिलं की लघवीतून साखर जाते हेही एकोणिसाव्या शतकातच कळलं. पण तोंडाने घेतलं तर आतड्यातच मोडून जायचं. त्याच्या सांगाड्यावर सुधारणा करत करत आजच्या डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आल्या. हे बाबांना जरूर सांगा. झाडपाल्याविरुद्ध गोळी असं भांडण मुळात नाहीच. गोळीमागे कितीतरी वर्षं कोणीतरी मोजत बसलेलं असतं, आणि ती बाटली मोजायचं सोडून विकायला काढलेली असते.

आपल्याकडच्या वनस्पतींचं काय? नावं तुमच्या बाटलीवर असतीलच : कारलं, जांभूळबी, मेथी, गुडमार, बिवळा म्हणजे विजयसार, सप्तरंगी, दारुहळद, गुळवेल. या प्रत्येकीत काही ना काही आहे. गुडमारचं पान चावून साखर तोंडात टाका, ती वाळूसारखी लागते. चव नावापुरतीही राहत नाही आणि अर्धा-पाऊण तासाने परत येते. गुडमारमधली आम्लं जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या जागांवर जाऊन बसतात म्हणून हे होतं. मी विद्यार्थ्यांना हे वर्गात करून दाखवत असे, आणि पेढा खाऊन चेहरे पडायचे. पण जिभेवरची साखर लपली म्हणून रक्तातली उतरते असं नाही. रक्तातल्या साखरेसाठी १९९० साली मद्रासला एक अभ्यास झाला : बावीस रुग्ण, रोज ४०० मिलीग्रॅम अर्क, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला, दीड वर्षाहून जास्त काळ. पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. आशा वाटावी असा निकाल, पण कोणाला अर्क आणि कोणाला औषध नसलेली नुसती पूड हे रुग्णापासून लपवलेलं नव्हतं, आणि बावीस माणसांवरून मी कोणाच्या वडिलांची गोळी बंद करणार नाही.

बिवळ्याचं काम त्याहून मोठं आहे. त्या लाकडाचे पेले दादरच्या काष्ठौषधीच्या दुकानांत मिळतात. रात्रभर पाणी ठेवलं की ते तपकिरी होतं आणि उजेडात धरलं तर वर निळसर झाक मारतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, वेगवेगळ्या केंद्रांत विजयसार देऊन पाहिलं, ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. पण हे सगळे नुकताच आणि सौम्य मधुमेह निघालेले लोक होते, आणि त्यांना मोजून मात्रा दिली होती, पेल्यातलं पाणी नव्हे. अकरा वर्षं जुना, दोन गोळ्यांवर असलेला मधुमेह हा वेगळा प्राणी.

कारल्याबद्दल ऐकलं तर बाबांना वाईट वाटेल. कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली चार चाचण्या, मिळून ४७९ रुग्ण, एकत्र तपासले. औषध नसलेल्या नुसत्या पुडीपेक्षा कारल्याने साखर अधिक उतरली असं दिसलं नाही. मेथीचं त्याहून बरं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २५ ग्रॅम मेथीदाणे देऊन साखर उतरलेली दाखवली. त्यात फार गूढ नाही, मेथीतला चिकट तंतू आतड्यात साखरेची वाट अडवतो. पंचवीस ग्रॅम म्हणजे बरीच मेथी, पोट फुगतं, तेव्हा चमचाभर भिजवलेल्या दाण्यांपासून सुरुवात करावी, आणि औषधाच्या वेळेपासून थोडं लांब. सप्तरंगीतलं सॅलॅसिनॉल पिष्टमय पदार्थांचं पचन लांबवतं. अकार्बोज, वोग्लिबोज या गोळ्या हेच काम करतात. दारुहळदीतल्या बर्बेरिनवर चीनमध्ये २००८ साली आलेला निकाल मेटफॉर्मिनच्या तोडीचा होता, पण तेही छत्तीस नव्या रुग्णांवर, तीन महिने. शिवाय बर्बेरिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या विकरांमध्ये ढवळाढवळ करतं, म्हणजे रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या रक्तात अपेक्षेपेक्षा जास्त साठू शकतात. आणि गुळवेल. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृत बिघडलेल्या अवस्थेत पाहिले आणि ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पती नक्की गुळवेलच होती की तिची बहीण, असा तो वाद. पण हा वाद बाटलीबद्दलही आहेच की! आत कोणती बहीण आहे हे बाबांना कसं कळणार?

‘संशोधनात सिद्ध’ असं बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलेलं असेल, तर ते संशोधन बहुतेक वेळा उंदरांवरचं असतं. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात, त्याने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात, मग अर्क देतात. एकदम मारलेल्या पेशी आणि वर्षानुवर्षं थकत गेलेलं माणसाचं स्वादुपिंड या दोन निराळ्या गोष्टी. शिवाय मात्रा बघा. उंदराला किलोमागे ४०० मिलीग्रॅम अर्क दिला म्हणतात. माणसासाठी तो आकडा साधारण सहाने भागावा लागतो. म्हणजे बाबा ६५ किलोचे धरले, तर त्यांना रोज चार ग्रॅमच्या वर सुका अर्क. अकरा वनस्पती मिळून एका घोटात प्रत्येकीचा किती उतरत असेल? एक तर पुरेसा नाही, किंवा पुरेसा असेल तर त्याला औषध म्हणायचं, आणि मग मूत्रपिंड, यकृत, दुसऱ्या गोळ्या हे सगळे हिशोब त्यालाही लागू होतात. झाडपाल्याला दुष्परिणाम नाहीत आणि तरी तो जबरदस्त गुणकारी आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

पण मग १४८ कसे आले? त्या गृहस्थांनी अर्कासोबत पथ्याचा कागद दिला होता का, विचारा. बहुतेक दिलेला असतो : भात बंद, साखर बंद, रात्री लवकर जेवा, पाऊण तास चाला. यातल्या एकेका गोष्टीने साखर उतरते आणि श्रेय बाटलीला जातं. आणि उपाशीपोटीचा एक आकडा म्हणजे दिवसाची एक मिनिटभर दिसलेली साखर. जेवणानंतर दोन तासांनी २६० असेल तर ती सकाळी दिसणार नाही. मागच्या तीन महिन्यांची सरासरी एचबीएवनसी ही रक्ततपासणी सांगते, ती करून घ्या. सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. किडनीबद्दल बाबांची काळजी खरी आहे, फक्त आरोपी चुकलाय. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी आधीच कमजोर झाली असेल तर त्याचा डोस कमी करतात, फार कमजोर असेल तर ते बंद करतात. किडनी जाते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. म्हणून गोळी सोडून ज्या किडनीला वाचवायला निघालेत, तिलाच ते धोक्यात घालतायत. हे त्यांना रिपोर्ट हातात आल्यावर सांगा, आधी नको.

आईला मात्र आजच सांगा की कारलं-दुधीचा रस बंद. कारल्यामुळे नव्हे, दुधीमुळे. एखादा दुधी कडू निघतो, त्यातली क्युकरबिटॅसिन नावाची द्रव्यं पोटात रक्तस्राव करू शकतात, रक्तदाब कोसळवू शकतात. साधा दुधी कडू लागला की आपण थुंकतो. कारल्याच्या रसात मिसळला की कडवटपणा कुणाचा हेच कळत नाही. २०१० मध्ये दिल्लीत सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या एका शास्त्रज्ञाचा असाच मिश्र रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरच्या समितीने सांगितलं की दुधीचा तुकडा आधी चाखा, कडू असेल तर आख्खा टाका, आणि त्याचा रस दुसऱ्या कोणत्याच रसात मिसळू नका. शिवाजी पार्कबाहेर सकाळी पेले भरून देणाऱ्याकडचाही नको. कारल्याची भाजी खुशाल करा, गूळ बेताने.

बाबांशी बोलायचं कसं? ‘तुम्हाला फसवलं’ असं म्हणू नका, त्याने माणूस बाटलीला अधिक घट्ट धरतो. आणि ते गृहस्थ वाईटच असतील असंही नाही. कदाचित त्यांनाही कुणीतरी असंच पटवलं असेल. आयुष्यभर ज्यांनी ड्यूटी संपल्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, जुळवून पैसे भरले, त्यांना साखरेचं वेबिल ठेवायला सांगा. एक वही, सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी जेवणानंतर दोन तासांनी, आठवड्यातून तीन दिवस, शेजारी काय खाल्लं आणि कोणती औषधं घेतली ते. हिशोब ते स्वतः लिहितील, तुम्ही तपासू नका. त्यांना आयुर्वेदच हवा असेल तर त्यालाही माझी ना नाही. वरळीला पोदार हे सरकारी आयुर्वेद रुग्णालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात शिकलेले वैद्य नाडी बघतात, रिपोर्टही बघतात. फक्त दोन्हीकडे दोन्ही फायली न्यायच्या. वैद्यांना गोळ्या कळल्या पाहिजेत, डॉक्टरांना काढे. चांगला वैद्य ‘आजपासून गोळी बंद’ असं पहिल्या भेटीत म्हणत नाही.

आता ती बाजूला ठेवलेली बाटली. लेबल वाचा. आयुर्वेदिक औषध असेल तर तसं लिहिलेलं असतं, घटक मात्रेसह, उत्पादन परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असतो. त्याऐवजी नुसता अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असेल, तर तो अर्क कायद्याने खाद्यपदार्थ आहे, औषध नाही, आणि मधुमेह घालवण्याचा दावा त्याला करताच येत नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात तर कोणत्याच औषधाची करता येत नाही. १९५४चा औषधे व जादुई उपचार कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे. घामाचा प्रसंग, तारीख आणि बाटलीचा फोटो घेऊन राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. हे तुम्ही केलंत तर बाबांच्या फिरण्याच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांचंही भलं होईल. पैशांची अडचण हे गोळी सोडण्याचं कारण असेल (म्हातारी माणसं हे सांगत नाहीत), तर जनऔषधी दुकानात किंवा पालिकेच्या दवाखान्यात विचारा. मेटफॉर्मिन ही देशातल्या सगळ्यात स्वस्त गोळ्यांपैकी एक आहे, अठराशे रुपयांत ती महिनोन्‌महिने पुरेल.

राहिलं गॅलरीतलं झाड. त्याच्या आंबट पानात इन्सुलिन नाही; असतं तरी पोटात पचून गेलं असतं, म्हणून तर ते टोचावं लागतं. त्यावरचं बरंचसं काम प्राण्यांवरचं आहे. झाड राहू द्या, त्यावरून घरात वाद नको. पण बाबा रोज पानं चघळत असतील तर डॉक्टरांना ती यादीतली आणखी एक गोष्ट म्हणून सांगा.